रोबोट कमी, पाठी जास्त

रोबोटिक्सची स्पर्धा बघायला जायचं म्हणजे पहिला तासभर फक्त पाठी बघायच्या. कॉलेजच्या टी-शर्टांच्या पाठी, त्यावर स्पॉन्सरची नावं, कुणाच्या पाठीला लॅपटॉपची बॅग, कुणा बापाच्या खांद्यावर बसलेलं पोरगं, आणि या सगळ्यांच्या मधे कुठंतरी खाली ट्रॅक असतो, त्यावर वीतभर काहीतरी फिरत असतं. मधूनच पुढचे लोक "एऽऽ" करून ओरडतात, मागचे विचारतात काय झालं काय झालं, आणि गंमत म्हणजे पुढच्यांनाही ते नीट सांगता येत नाही.

मागच्या रविवारी भाचीमुळं अशाच एका स्पर्धेला जाऊन आले. सोलापूरच्या बाहेर हायवेला लागून एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे, नाव घेत नाही, कारण पुढं थोडी कुरकुर करणारे आणि तिथल्या पोरांनी खरंच मरमर काम केलं होतं, त्यांच्यावर कशाला. भाची आठवीत. तिच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे, म्हणजे नीती आयोगाची ती सहावी ते बारावीच्या पोरांसाठीची योजना, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं त्यात. लॅब आली तेव्हा थ्रीडी प्रिंटर कितीतरी महिने प्लास्टिकचं कव्हर घालून पूजेला ठेवल्यागत ठेवला होता, मग एक नवीन सर आले आणि त्यांनी कव्हर काढून टाकलं, तिथनं ही सगळी भानगड सुरू झाली. आता आमच्या घरात सेलोटेप, स्क्रू ड्रायव्हर आणि टीव्हीच्या रिमोटमधले सेल यातलं काही जागेवर सापडत नाही.

पत्रिकेवर वेळ साडेनऊची. साडेनऊला पोरं हजर, आयाबाप हजर, बॅटऱ्या फुल चार्ज. पाहुणे सव्वाअकराला. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार, आणि आमच्याकडं सत्कार म्हणजे शाल नव्हे, चादर, ती घडी उलगडायची, पाहुण्याच्या खांद्यावर टाकायची, फोटो होईस्तोवर धरून उभं राहायचं, की पुढचा पाहुणा. व्यासपीठावर अकरा जण होते. कलामसाहेबांचं नाव जवळपास प्रत्येक भाषणात आलं, महासत्ता आली, आजची पिढी मोबाईलमध्ये गुंतली आहे हे पण आलं, ते सुद्धा ज्या पोरांनी स्वतः सर्किट जोडून आणलंय त्यांच्यासमोर. तोवर पोरांनी कंटाळून बॉट चालू-बंद, चालू-बंद करून बॅटऱ्या अर्ध्यावर आणल्या. आणि अकरा जणांतल्या एकानंही एवढं सांगितलं नाही की आज इथं नेमकं काय होणारे, मार्क कसे पडतात, कोण जिंकला हे आम्ही कशावरून ओळखायचं.

माझी सगळी कुरकुर ती एवढीच आहे खरं तर. बाकी हॉलमध्ये पंखे कमी होते, चहा पाणचट होता, या गोष्टी सोलापूरकराला सवयीच्या.

पहिला प्रकार लाइन फॉलोअर. पांढऱ्या फ्लेक्सवर काळी पट्टी छापलेली, वळणं, काटकोन, एक ठिकाणी पट्टी तुटलेली, आणि बॉटनं रिमोट-बिमोट काही नसताना स्वतःचं स्वतः त्या पट्टीवरून शेवटापर्यंत जायचं. सगळ्यात कमी वेळ लावेल तो जिंकला. आता हे वाचायला सोपं वाटतं पण बघताना काय होतं, की एक बॉट पट्टीवरून मस्त सुळकन जातो, दुसरा दारू प्यायल्यागत डावीकडं उजवीकडं डुलत जातो, तिसरा काटकोनात जाऊन स्वतःभोवती गिरक्या घेतो, आणि प्रेक्षकाला वाटतं तिसऱ्याचं मशीन बिघडलंय. बिघडलेलं काही नसतं. भाचीनं मला आदल्या रात्रीच शिकवलं होतं म्हणून मला कळत होतं, खाली आठ सेन्सरची एक पट्टी असते, ती जमिनीवर इन्फ्रारेड सोडते, पांढऱ्यावरून ते परत येतं, काळ्यात मुरतं, त्यावरून बॉटला कळतं पट्टी कुठाय. पट्टी सुटली की किती जोरात वळायचं आणि वळणं कधी आवरतं घ्यायचं याचे आकडे पोरं कोडमध्ये टाकतात, केपी आणि केडी म्हणतात त्याला. ते आकडे ठरवण्यातच सगळी अक्कल. आणि ते आकडे फुल बॅटरीवर बसवलेले असले की अर्ध्या बॅटरीवर मोटार तेवढ्याच हुकमाला कमी फिरते, मग वळण अपुरं पडतं. म्हणजे त्या भाषणांचा हिशोब असा ट्रॅकवर निघाला.

एका मुलीच्या तळहातावर बॉलपेननं आकडे लिहिलेले बघितले, खोडलेले, परत लिहिलेले, मनगटापर्यंत गेलेले. घामानं पुसत होते तर ती फुंकर मारत होती.

साडेबाराच्या सुमाराला वेगळंच झालं. दक्षिणेकडच्या खिडकीतनं उन्हाचा एक चौकोन बरोबर ट्रॅकच्या तिसऱ्या वळणावर येऊन पडला. फेब्रुवारीचं ऊन, आणि सोलापूरचं, म्हणजे फेब्रुवारीतच ते मेची आठवण करून देतं. तिथून पुढं जो बॉट येईल तो त्या चौकोनात शिरला की पट्टी सोडून फ्लेक्सच्या बाहेर. एक गेला, दुसरा गेला, तिसरा गेला, प्रेक्षक हसायला लागले, एक पोरगा तर रडकुंडीला आला, आणि कुणाला काही उमजेना. मग भाचीचे सर पुढं झाले आणि म्हणाले, अहो उन्हातपण इन्फ्रारेड असतं, सेन्सर आंधळा होतोय तिथं, काळं-पांढरं त्याला सारखंच दिसतंय. जज लोकांनी मान डोलावली, पडदा आणा म्हणाले, पडदा कुठं मिळेना. शेवटी सत्कारातली एक चादर उरली होती ती दोन पोरांनी खुर्चीवर चढून खिडकीला धरली. हिरव्या-लाल फुलांची, आमची सोलापुरी चादर, जाडजूड, एक किरण आत येईल तर शप्पथ. पुढचा बॉट चौकोनाच्या जागेवरून सरळ निघून गेला आणि अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. दिवसभरातली पहिली खरी टाळी ती. माईकवरच्या पोरानं "जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत" असं न म्हणता वाजलेली.

त्या टाळ्या का वाजल्या तर लोकांना कळलं होतं, एवढंच. अडचण काय होती, तोडगा काय काढला आणि तो लागू पडला, तिन्ही गोष्टी सगळ्यांनी डोळ्यांनी बघितल्या. भाचीच्या बॉटचं म्हणाल तर पहिल्या रनला काटकोनात अडकला, दुसऱ्या रनला पूर्ण ट्रॅक केला, नंबर आला नाही. ती म्हणाली पूर्ण झाला ना मावशी, बास. तिची आई मात्र संध्याकाळपर्यंत पहिल्या रनबद्दलच बोलत होती.

मधल्या वेळेत आम्ही पिटमध्ये जाऊन बसलो, आणि माझं तर म्हणणं आहे बाहेरच्या खुर्चीवर बसण्यात काही राम नाही, जाऊ देत असतील तर सरळ पिटमध्ये जावं. पिट म्हणजे काय, वर्गखोलीतले बाक जोडून केलेली टेबलं, एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा, सोल्डरिंगचा वास, ग्लू गनच्या पांढऱ्या तारा कोळिष्टकागत सगळीकडं, केबल टायच्या कापलेल्या शेपट्या पायाखाली. एक पोरगा दप्तरावर डोकं ठेवून ढाराढूर झोपलेला, त्याच्या पोटावर त्याचा बॉट. एक आई डबा उघडून शेंगापोळीचा तुकडा मोडून मुलाच्या तोंडात घालतेय कारण त्याचे दोन्ही हात सोल्डरिंगमध्ये, आणि तो तोंड भरलेलं असतानाच समोरच्याला सांगतोय ग्राउंडची वायर सुटलीय बे, ग्राउंड. बाहेर ट्रॅकवर जे तीस सेकंदात संपतं त्याची खरी मारामारी इथं चाललेली असते. शेजारच्या टीमची मोटार जळाली तर दुसऱ्या टीमनं आपल्याकडची जादाची जॉन्सन मोटार काढून दिली, आणि थोड्या वेळानं दोघं एकमेकांसमोरच खेळणार होते.

तिथंच तीन-चार पोरं एका मोबाईलभोवती डोकी जोडून अमेरिकेतली स्पर्धा बघत होती. फर्स्ट म्हणून संस्था आहे, डीन केमन यांनी १९८९ साली काढलेली, सेगवे नावाची ती दोन चाकांवर उभं राहून चालवायची गाडी त्यांनीच केली. त्यांच्या जोडीला एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स होते. केमनचा हट्टच असा होता की पोरांनी इंजिनिअरसाठी पण तसंच ओरडावं जसं खेळाडूसाठी ओरडतात. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये २८ टीमनिशी पहिली स्पर्धा झाली, पुढं ती मोठमोठ्या स्टेडियममध्येही झाली. भाचीनं मला मोबाईल हातात देऊन सांगितलं, मावशी, रोबोटच्या कडेचा बंपर बघ फक्त. आणि खरंच, पन्नासेक किलोचे सहा रोबोट एकाच मैदानात भिडलेले, पण तिघांचे बंपर लाल, तिघांचे निळे, त्यावर ठळक टीम नंबर, वर स्क्रीनवर लाल किती निळे किती ते सतत पळतंय. मला नियम शून्य माहिती, तरी कोण पुढं आहे ते पहिल्या दहा सेकंदात कळलं. मॅच बरीच वर्षं अडीच मिनिटांची, त्यातले पहिले १५ सेकंद रोबोट आपोआप चालतो, चालवणारी पोरं तेवढा वेळ रेषेच्या मागं नुसती उभी. भाची म्हणते त्या वेळेला रोबोटकडं नाही, पोरांकडं बघायचं. बघितलं. एकानं डोळेच मिटून घेतले होते.

आणि तिथं प्रेक्षकांतली अर्धी पोरं चक्क काम करत असतात. साध्या फेऱ्या संपल्या की वरच्या आठ टीमना आपापले जोडीदार निवडायचे असतात, त्यामुळं प्रत्येक टीमची दोन-चार पोरं स्टँडमध्ये वही किंवा टॅबलेट घेऊन बसतात, कुठल्या टीमचा रोबोट किती वेळा अडकला, कुणाचा नेम चांगला, सगळं टिपून ठेवतात. म्हणजे बघणं हाच तिथं एक जॉब आहे. आमच्या हॉलमध्ये बघणाऱ्याला बसायला खुर्ची मिळाली तरी नशीब.

आता कुणी म्हणेल अमेरिकेचं काय सांगता, तिथं पैसा आहे. तर पैशाचं नाहीये हे. लाल-निळी इन्सुलेशन टेप नव्या पेठेत कितीला मिळते? बॉटला चिकटवायला थोडीशीच तर लागते. आमच्याकडं सगळे बॉट काळे, सगळ्यांतनं लाल वायरी लोंबतायत, चालवणारे दोघंही एकाच रंगाच्या टी-शर्टात, रोबो सॉकर चालू होतं तेव्हा मी चक्क पाच मिनिटं भलत्याच टीमला ओरडून प्रोत्साहन देणाऱ्या एका आजोबांशेजारी बसले होते, नातू गोल खात होता आणि आजोबा खूश.

आपल्याकडच्या रोबोकॉनचंच बघा ना, कॉलेजांची रोबोट स्पर्धा ती. माझा चुलत भाऊ कॉलेजात असताना त्यात होता, रोबोट टेम्पोत आणि पोरं हुतात्मा एक्सप्रेसनं अशी वरात पुण्याला बालेवाडीला जायची, बरीच वर्षं तिथं व्हायची देशपातळीची फेरी. ही स्पर्धा सुरू केली तीच मुळात टीव्हीवाल्यांनी, एशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन, २००२ साली टोकियोत पहिली आंतरराष्ट्रीय झाली, त्याआधी जपानच्या एनएचकेची देशांतर्गत होतीच १९८८ पासून, आणि आपल्याकडं दूरदर्शन. त्यामुळं घरी बसून बघणाऱ्या माणसाला काय दिसेल, काय कळेल याचा विचार त्यांच्या नियमांतच असतो. तीनेक मिनिटांची मॅच, एक लाल एक निळी, आणि दर वर्षी ज्या देशात अंतिम फेरी, त्या देशाच्या संस्कृतीतला एखादा खेळ नाहीतर सण घेऊन विषय ठरतो. २००८ ला पुण्यात झाली तेव्हा विषय होता गोविंदा. दहीहंडी! सांगा आता, महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागेल? आणि २०२२ ला दिल्लीत झाली तेव्हा लगोरी. एका टीमचा रोबोट चेंडू मारून लगोरी फोडतो, त्याच टीमचा दुसरा रोबोट ती परत रचतो, त्याच्या डोक्यावर एक चेंडू ठेवलेला, आणि समोरची टीम नेम धरून तो चेंडू पाडायला बघते. माझ्या आईला अर्डुइनो, म्हणजे बॉटच्या आतलं ते कोडवर चालणारं छोटं सर्किट बोर्ड, खायचं का प्यायचं माहिती नाही, पण तिला हा व्हिडिओ दाखवला तर दुसऱ्या मिनिटाला म्हणाली, "अगं तो डावीकडनं रचतोय, उजवीकडनं रच म्हणावं." लहानपणी बोळात लगोरी खेळलेली बाई, तिला रोबोटच्या खेळातली चूक लगेच दिसली.

बरं. दुपारी रोबोवॉर.

रोबोवॉरला गर्दी होतेच, त्याला कुणी बोलवावं लागत नाही. मागच्या ग्राउंडवर लोखंडी अँगलचा पिंजरा, त्याला पॉलिकार्बोनेटचे जाड पत्रे, आतमध्ये पत्र्याची जमीन, बाहेर वाळूच्या बादल्या आणि फायर एक्स्टिंग्विशर, कारण लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीला मार बसून ती पेटली तर सहज विझत नाही, धूर पण घाणेरडा. आठ किलोचा गट होता. बहुतेक बॉट साधे, पुढं उताराचा पत्रा लावलेले वेज, समोरच्याच्या खाली घुसून उचलायचं आणि भिंतीला नेऊन दाबायचं. दोन-तीनच होते फिरतं हत्यार असलेले. त्यातला एक ड्रमवाला होता, पुढं आडवा लोखंडी ड्रम, त्याला दोन दात, तो फिरायला लागला की आधी गुरगुर, मग शिट्टी, मग असा आवाज की पुढच्या रांगेतले लोक आपोआप एक पाऊल मागं.

ओरडणं तर विचारू नका. "मार की बे!" चालूच होतं, माझ्या डावीकडनं एक ग्रुप तेलुगूत "कोट्टु कोट्टु" करून नाचत होता, मागनं कुणीतरी कन्नडमध्ये "होडी होडी", दोन्हीचा अर्थ मार मारच, आणि पिंजऱ्याच्या पलीकडं हिंदीत शिव्यांच्या काठावरनं चाललेलं काहीतरी. सोलापुरात मॅच बघायची मजा ती, एकच मार तीन-चार भाषांत बसतो.

माझ्या उजव्या हाताला एक काका उभे होते. पन्नाशीच्या पुढचे, निळा वर्कशॉपचा शर्ट, खिशाला स्टीलची सहा इंची पट्टी अडकवलेली, रविवार असून. ओरडत नव्हते, टाळ्या वाजवत नव्हते, मान थोडी तिरकी करून नुसते ऐकत होते. मला वाटलं कुणाचे वडील असतील. विचारलं, तुमचा मुलगा आहे का काका यात?

"मुलगा नाय ताई. तो ड्रम दिसतोय का? तो जॉब माझाय."

जॉब म्हणजे लेथवर बनवलेला भाग. काका अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर काम करतात. लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे पार्ट करण्यात आयुष्य गेलं, आता ही पोरं ड्रॉइंग घेऊन येतात. पोरांनी ड्रमला बारा एमएमचा शाफ्ट सांगितला होता, काकांनी बघून ठरवलं की बारा टिकत नाय, आणि न विचारता पंधराचा केला, हाऊसिंग, म्हणजे बेअरिंग बसायची जागा, पण स्वतःच बोअर केलेली असल्यामुळं बारा एमएमच्या ६२०१ बेअरिंगच्या जागी पंधराचं ६२०२ बसेल एवढं वाढवून ठेवलं. जॉब हातात देताना सांगितलं. पोरांनी डोक्याला हात लावला कारण वजन आठ किलोच्या वर शंभरेक ग्रॅमनं गेलं, आणि मग रात्रभर बसून चॅसिसला भोकं पाडत बसले, वजन उतरवायला. "चाळणी केली बॉटची," काका म्हणाले, "पण शाफ्ट बघा. हलला नाय."

पुढचा अर्धा तास मी मॅच बघितली नाही, काकांच्या कानांनी ऐकली म्हणा. मार बसला की लोक ठिणग्या बघतात, काका सांगायचे ठिणगी सोडा, मार बसल्यावर ड्रम परत किती लवकर वेग पकडतोय ते ऐका, तो उशीर करायला लागला की समजायचं बॅटरी नाहीतर मोटार दमली. वेजवाला सारखा कडेनं का फिरतोय? समोरनं आला तर दात लागणार, त्याला चाकाच्या बाजूनं घुसायचंय. ड्रमवाला प्रत्येक वळणाला एका अंगानं थोडा उचलला का जातो? फिरत्या वजनाला वळवायला गेलं की ते विरोध करतं, "हातात ग्राइंडर चालू ठेवून मनगट फिरवून बघा ताई, समजंल." यातलं काही मला आधी दिसत नव्हतं. तोच पिंजरा, तेच बॉट, आणि मधे ही तीन-चार वाक्यं आली तर डोळ्यांना काम मिळालं.

आणि माईकवर काय चाललं होतं? "क्या बात है, क्या बात है, सोलापूर आवाज नाही येत!" तो पोरगा उत्साही होता, घसा बसला होता बिचाऱ्याचा, पण अख्ख्या दिवसात त्याच्या तोंडून एकही माहितीचं वाक्य आलं नाही. कुस्तीच्या मैदानावरचा निवेदक आठवून बघा. पैलवान कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, इनाम किती, कुणी कुठला डाव धरला, समोरच्यानं कसा सोडवला, हलगीच्या आवाजात सगळं सांगत जातो, आणि ज्यानं आयुष्यात लंगोट घातला नाही तो माणूस पण शेवटच्या रांगेत उभा राहून ढाक बसली का नाही यावर वाद घालतो. आपल्याकडं ही परंपरा घरची आहे, उसनी आणायची नाही, आणि रोबोटच्या पिंजऱ्यापाशी आलो की आपण डीजे लावतो.

फायनल ड्रमवाला विरुद्ध एक ठेंगणा वेज. पहिल्या मिनिटात ड्रमवाल्यानं दोन मार असे दिले की वेजचा पुढचा पत्रा कागदागत दुमडला. सगळी जनता ड्रमच्या बाजूनं. तेवढ्यात काकांनी मान हलवली.

"प्ले आला."

मी म्हटलं काय झालं?

"बेअरिंग ढिलं झालं. डावीकडचं. आवाज ऐका, शिट्टीच्या खाली घरघर आली बघा. झेड झेड आणा म्हणलो होतो पोरांना, दोन्ही बाजूनं बंद असतंय ते, त्यांनी उघडं आणलं, स्वस्त पडतंय म्हणून. सकाळपास्नं ग्राउंडची माती खातंय. आता दोन मार, जास्तीत जास्त तीन."

मला काही घरघर ऐकू आली नाही. लोक नाचत होते. एक मार बसला, ठिणग्या. दुसरा मार बसला, वेज उडून भिंतीला. आणि परतताना ड्रमचा आवाज खाली खाली येत गेला आणि कच्चकन थांबला. पोरं रिमोटवर बोटं दाबतायत, ड्रम ढिम्म. दुमडलेल्या पत्र्याचा वेज हळूहळू आला, खाली घुसला आणि ड्रमवाल्याला कोपऱ्यात नेऊन दाबून धरला, सोडला, परत दाबला. वेळ संपली. जजनी वेजचा हात वर केला, म्हणजे वेजवाल्या पोराचा. माईकवाला ओरडला, "अनबिलिव्हेबल!" शेजारचा एक माणूस म्हणाला सेटिंग असणार.

काका पिंजऱ्याजवळ गेले. ड्रमवाली पोरं तोंड पाडून बसली होती. त्यांनी कुणाची समजूत-बिमजूत काही काढली नाही, बॉट उलटा केला, ड्रम हातानं एकदा इकडं एकदा तिकडं हलवला, अंगठा शाफ्टवर फिरवला आणि म्हणाले, "शाफ्ट चांगलाय. सोमवारी आणा." मग पोराकडं रोखून बघितलं. "झेड झेड."

बक्षीस समारंभाला मी थांबले नाही, परत अकरा खुर्च्या मांडताना दिसल्या.

तर आता भाचीच्या शाळेनं ठरवलंय, पुढच्या वर्षी जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आटोपली की शाळेच्याच पटांगणात एक छोटी स्पर्धा घ्यायची, आसपासच्या शाळांना बोलवून. सरांनी पालकांकडं सूचना मागितल्या. मी लिहून दिलं, भाषणं नंतर, खेळ आधी. प्रत्येक बॉटला रंगीत टेप. एका मोबाईलवरनं ट्रॅकचं शूटिंग आणि ते प्रोजेक्टरवर, म्हणजे मागच्याला पाठी बघत बसायला नको. नियम मराठीत मोठ्या अक्षरात एका फ्लेक्सवर, दारातच. खिडक्यांना चादरी आधीपासून. आणि माईक कुणा उत्साही पोराकडं न देता कळणाऱ्या माणसाकडं. कोण कळणारा माणूस, असं सरांनी विचारल्यावर मी काकांचा नंबर मिळवून फोन लावला, मागं लेथ चालू असल्याचा आवाज येत होता. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मधे एकदा कुणाला तरी फीड कमी कर म्हणून ओरडले, मग म्हणाले, "येतो की. पोरांचं काम हाय, यायला काय झालं. पण ताई, एक विचारायचं होतं. मॅच रंगात आली आन तोंडातनं एखादी शिवी गेली माईकवर, तर चालतंय का?"

भाची म्हणते शाळेत विचारून सांगते.